वार लावणारी घरे
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



कुंभकोणमजवळील पट्टीश्वरम् येथे, धेनुपुरीश्वराच्या मंदिरात, गोविंद दीक्षित व त्यांच्या पत्नी यांच्या मूर्ती आहेत. दीक्षित हे तंजावरच्या नायक राजांचे अमात्य. कुंभकोणमच्या राजा वेदपाठशाळेत विद्येबरोबर विद्यार्थ्याच्या अन्नाची व निवासाचीही व्यवस्था झाली, ती त्यांच्यामुळे. त्या मूर्तींपुढे मला माझे वडील आठवले; पुण्यात ते वार लावून जेवत शिकले.

आज देशोदेशींच्या शालेय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या आहेत. मुळशी तालुक्यातील महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेजात १९९७ पासून अनेक देशांची मुले एकत्र शिकतात. एएफएस ही संस्था १९४७ पासून शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण घडवीत आहे. तिचे विद्यार्थी यजमान कुटुंबांत राहतात. आपल्या वाराचेच हे विस्तारलेले रूप!

हीरक महोत्सवानिमित्त आपणही परदेशी विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती द्यावी, अशी सूचना आली. निधी जमेल, परंतु शुल्कमाफी ही निम्मीच शिष्यवृत्ती. शाळा सुटल्यावर ते मूल कोणाच्या घरी परतणार? मराठी माध्यमात ते काय शिकेल, असेही विचारले गेले. वर्गात ते अडखळेल हे खरे. पण भाषा त्याला स्वयंपाकघरात आणि अंगणात भेटेल, आणि त्याची भाषा आपल्या मुलांना.

म्हणून आज मी देणगी मागत नाही. वर्षभरासाठी एक खोली आणि पंगतीत एक पान मागते. अशी पाच घरे पुढे आली, तरच आपण निमंत्रण धाडू.