काठ मोकळा सोडा

श्रोतेहो, या रविवारी पोराबाळांना घेऊन पवई तलावावर जाणार असाल तर खुशाल जा. मला बोलायचंय ते फक्त काठाबद्दल, आणि मिनिटं मोजून पाच मिळालीत.

विहार तलाव १८६०चा, तुळशी १८७९चा, पवई १८९१चा. तिन्ही बांध घालून केलेले, पण आता डोंगरातलेच वाटावेत इतके मुरलेत. आपण भायखळा-माझगावची मंडळी संध्याकाळी भंडारवाडा टेकडीवरच्या बॅप्टिस्टा बागेत फेऱ्या मारतो. त्या बागेच्या पोटात जलाशय आहे, तो विहारच्या पाण्यासाठी बांधलेला. पायाखाली पाणी आहे, हे कितीजणांच्या गावी असतं?

आता चाळ डोळ्यांसमोर आणा. वरच्या मजल्यावर तुळशी. ती भरली की पाणी उतरतं मधल्या मजल्यावर, विहारात. त्याच मजल्यावर शेजारच्या खोलीत पवई. ही दोघं भरून वाहू लागली की पाणी तळमजल्यावर, म्हणजे मिठी नदीत. तळमजल्याचे भाडेकरू कोण? कुर्ला, कालिना, माहीम. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्याची काय गत झाली ते तुम्ही पाहिलंय. आणि अशा चाळीत मधल्या मजल्यावरच्यानं गॅलरीत, म्हणजे काठावर, भर घालून लाद्या बसवल्या, तर पाणी कुणाच्या दारात जाईल?

तुळशी-विहार राष्ट्रीय उद्यानात, पिण्याच्या पाण्याचे. तिथे कुणी सहजासहजी जाऊ देत नाही, आणि बरंच आहे ते. मग सगळी हौस पवईवर. तिथे काठानं सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता; उच्च न्यायालयानं २०२२मध्ये तो बेकायदा ठरवला. पण सुशोभीकरणाची खाज काही जात नाही. कठडे, लाद्या, रंगीत दिवे! अहो, तलाव आहे तो, लग्नाचा हॉल नव्हे.

पहाटे गळ टाकून बसलेल्यांना बघा एकदा. कणकेची गोळी लावायची आणि रोहू-कटल्याची वाट बघत तासन् तास गप्प बसायचं. त्यांना लागते मूठभर ओली माती आणि शांतता. इथल्या मगरीलाही मातीच लागते. ती काठावर जबडा उघडा टाकून ऊन खाते, अंडी मातीत पुरते. लादीत कुठे पुरणार? मुद्दाम सांगतो, कारण दिव्यांच्या झगमगाटात हे निसटतं : पाण्याइतकाच काठही तलावाचाच. बसायला घरची सतरंजी न्या, बाकडी मागू नका.

जलपर्णीबद्दलही बोलायचं होतं. ती सांडपाण्यावर पोसते, त्यामुळे दरवर्षी यंत्रं लावून काढली तरी... बरं, काचेपलीकडून हात हलतोय. बातम्यांची वेळ झाली.