सिनेमाची बातमी आणि आपल्या मुली



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. तो मी बदलून मागितला. आयटीवर बोलू शकतील असे निदान वीस जण या सभागृहात बसलेत. शिवाय विश्रामबागेत वाढणाऱ्या मुलाला इंजिनिअरिंगची माहिती वेगळी द्यावी लागत नाही, वालचंदचं फाटक येता-जाता दिसतंच. आपल्या वेळी दहावीला बरे गुण पडले की पुढचं घरातले ठरवायचे. मीही त्याच फाटकातून बाहेर पडले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मला माझं काम आवडतं. पण आज मी बोलणार आहे मनोरंजनाच्या पत्रकारितेबद्दल, म्हणजे सिनेमा, नाटक, मालिका यांच्या बातम्या, मुलाखती, समीक्षा लिहिण्याच्या व्यवसायाबद्दल, आणि त्यात एखाद्या मुलीला नाव आणि पोट दोन्ही कसं कमावता येईल याबद्दल.

मी हे बोलण्याचं कारण काय, असं तुम्ही म्हणाल. मी पुण्यात ज्या कंपनीत आहे ती वर्तमानपत्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते. वार्ताहर बातमी जिथे टाइप करतो, उपसंपादक ती जिथे तपासतो आणि ती तुमच्या मोबाइलवर जिथून सुटते, ती यंत्रणा. त्यामुळे या मंडळींशी माझा रोजचा संबंध आहे. दुसरं कारण आपल्यातल्याच एका मैत्रिणीचं. तिची मुलगी बारावी सायन्सला आहे, गुण चांगले आहेत आणि तिला सिनेपत्रकार व्हायचंय. घरात महिनाभर अबोला होता. मैत्रिणीने मला फोन केला, "तू इंजिनिअर आहेस, तुझं ती ऐकेल. जरा समजाव तिला." मी त्या मुलीशी तासभर बोलले आणि मग आईला म्हटलं, बाई गं, मला तुझ्याशीच बोलायचंय, पण स्नेहमेळाव्यात, सगळ्यांसमोर. नाव घ्यायचं नाही या अटीवर तिने परवानगी दिली.

तिचा पहिला आक्षेप असा: "नट्यांची लग्नं आणि घटस्फोट छापणं हे काय काम आहे?" हे सांगलीत ऐकून मला नवल वाटलं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते इथे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८७२ साली जन्मले तेही सांगलीत. ते 'केसरी'चे संपादक झाले, १९२३ साली त्यांनी 'नवाकाळ' काढला, आणि त्याच माणसाने 'कीचकवध' लिहिलं. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकावर इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंदी घातली. नाटकात काय चाललंय ही किती गंभीर बातमी असू शकते, ते त्या सरकारला कळलं होतं. शांता गोखले यांनी काही वर्षं 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मुंबई आवृत्तीत कला-संपादक म्हणून काम केलं आणि पुढे मराठी नाट्यलेखनाचा इतिहास इंग्रजीत लिहिला, 'प्लेराइट ॲट द सेंटर'. त्या पुस्तकाचा आरंभ १८४३ पासून होतो, म्हणजे आपल्या गावापासून.

पोटापाण्याच्या दृष्टीने उदाहरण हवं असेल तर इथून सव्वाशे किलोमीटरवर जाऊ. शोभा डे यांचा जन्म ७ जानेवारी १९४८ चा, साताऱ्याचा. माहेरचं आडनाव राजाध्यक्ष. वडील न्यायखात्यात. शिक्षण मुंबईत झालं, झेवियर्समधून मानसशास्त्राची पदवी. थोडं मॉडेलिंग केलं, मग नारी हिरा यांच्या जाहिरात कंपनीत जाहिरातींचा मजकूर लिहायला लागल्या. हिरांनी ऑक्टोबर १९७१ मध्ये 'स्टारडस्ट' काढलं आणि लवकरच त्याच्या संपादक म्हणून तेवीस-चोवीस वर्षांच्या या मुलीचं नाव झालं. पत्रकारितेचा अनुभव नव्हता.

त्या वेळी 'फिल्मफेअर' होतं, १९५२ पासूनचं. ते सभ्य आणि नेटकं होतं. स्टुडिओतून आलेली माहिती ते चांगल्या इंग्रजीत छापत असे. 'स्टारडस्ट'ने ओळखलं की सिनेमाबद्दल लोक घरात आणि कॅन्टीनमध्ये या भाषेत बोलतच नाहीत. ते अर्धं इंग्रजी अर्धं हिंदी बोलतात, टोमणे मारतात, हसतात. 'नीताज नॅटर' हे त्यांचं गॉसिपचं सदर त्या बोलीत आलं. शाळेत आपल्याला बाई सांगायच्या, निबंध कुणासाठी लिहितोय ते आधी ठरवा. तेच हे.

आता माझं मत सांगते. त्यातलं बरंचसं लिखाण दुष्ट होतं. माणसांच्या घरात डोकावणारं होतं, आणि त्याची किंमत प्रामुख्याने नट्यांनीच मोजली. मैत्रिणीच्या मुलीने त्याचा कित्ता गिरवावा असं मी म्हणणार नाही. पण एका बाईने संपादकाच्या खुर्चीत बसून मासिकाची भाषा ठरवली, पुढे स्तंभलेखन केलं, १९८९ साली पहिली कादंबरी काढली आणि लिहिणं हाच आयुष्यभराचा व्यवसाय केला, हे त्या काळात सोपं नव्हतं. (जाता जाता, त्यांचे चुलतभाऊ गौतम राजाध्यक्ष. त्यांनी काढलेले नटनट्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. मराठीत 'चंदेरी' मासिकाचं संपादनही त्यांनी केलं.)

याच काळातली दुसरी मराठी बाई म्हणजे देवयानी चौबळ. 'स्टार अँड स्टाइल'मधलं त्यांचं सदर 'फ्रँकली स्पीकिंग'. राजेश खन्नाला 'सुपरस्टार' हा शब्द चिकटला त्याचं श्रेय बरेच जण त्यांना देतात. त्यांच्या लेखणीला नट घाबरत. एक बडा नट तर भर रेसकोर्सवर त्यांच्या अंगावर धावून गेला होता. शेवटची वर्षं अर्धांगवायूने गेली आणि १९९५ साली त्या वारल्या. दोघींकडे शेजारी ठेवून पाहिलं की मला इंजिनिअर म्हणून एक गोष्ट दिसते. चौबळांचं बळ एका सदरात आणि नटांशी असलेल्या ओळखीत होतं. डे यांच्याकडे आधी मासिक, मग सदरं, मग पुस्तकं असे तीन-चार खांब होते. आमच्याकडे सगळी यंत्रणा एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्याला कुणी कामावर ठेवत नाही.

या धंद्यात बायका लवकर का शिरू शकल्या? माझ्या मते, पुरुषांना तो हलका वाटला म्हणून. मंत्रालय, पोलीस, कोर्ट ही कामं पुरुष वार्ताहरांची. बाईला पाककृती, फॅशन आणि सिनेमा. त्या दुय्यम समजलेल्या पानांवर बायकांनी घर बांधलं. भावना सोमय्या 'स्क्रीन'च्या संपादक झाल्या, २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रेखा देशपांडे यांनी हिंदी 'माधुरी'पासून सुरुवात केली, 'लोकसत्ता'तून लिहिलं आणि आंतरराष्ट्रीय महोत्सवांत समीक्षकांच्या ज्यूरीवर बसल्या. यांतल्या कुणीही काम 'फालतू' म्हणून केलं नाही.

आता पडद्यामागचं. आमच्या यंत्रणेत कोणती बातमी किती वाचली जाते ते मिनिटामिनिटाला दिसतं. सकाळी राशिभविष्य, दुपारी जेवणाच्या सुट्टीत सिनेमा, रात्री पुन्हा सिनेमा. अग्रलेखाला मान मिळतो, पण तो आकड्यांत खाली असतो. एका बातमीला दोन मथळे देता येतात. निम्म्या वाचकांना एक, निम्म्यांना दुसरा, आणि थोड्या वेळाने जास्त उघडला गेलेला मथळा टिकतो. 'अभिनेत्रीने केलं असं काही, पाहून तुम्हीही थक्क व्हाल' हे वाक्य अशा यंत्रांतून जन्माला येतं. ते यंत्र बनवणाऱ्यांत मी आहे, तेव्हा त्यावर नाक मुरडायचा अधिकार मला थोडाच आहे. पण मुलीला हे माहीत असलं पाहिजे. नोकरी लागली की पहिल्या दिवसापासून तिच्या नावासमोर आकडा दिसणार.

मुलाखतींचंही तसंच. सिनेमा येणार असला की हॉटेलात आठ-दहा पत्रकार एका टेबलाभोवती, मध्ये नट, दहा मिनिटं. शेजारी प्रसिद्धी सांभाळणारी मुलगी घड्याळ बघत बसलेली. खासगी प्रश्न नकोत, मागच्या पडलेल्या सिनेमाचा विषय नको. सगळ्यांना तीच उत्तरं मिळतात आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे तीच छापून येतात. यातून वेगळी उठून दिसते ती आकडे वाचणारी. 'शंभर कोटी कमावले' म्हणजे कोणते शंभर? करासकट की कर वजा करून? त्यातला थिएटरवाल्याचा वाटा किती, निर्मात्याच्या हातात काय पडलं? मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये मोक्याची वेळ मिळावी म्हणून २०१५ साली सरकारने पाऊल उचललं. आज सांगलीत नव्या मराठी सिनेमाचे खेळ किती वाजता लागतात, किती दिवस टिकतात? ही बातमी कुणी लिहीत नाही. बारावी सायन्सची मुलगी हे गणित झोपेत करेल. तिची सायन्सची दोन वर्षं वाया गेली असं मी म्हणूच देणार नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मला खरा वाटतो. रात्रीचे प्रीमियर, पार्ट्या, एकट्याने प्रवास. ते नाहीच असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण याच क्षेत्राबद्दल लिहून बायकांनीच त्याची झाकपाक उघडी केली आहे. ५ ऑक्टोबर २०१७ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जोडी कँटर आणि मेगन टूही यांनी निर्माता हार्वी वाइनस्टीनबद्दल छापलं. अनेक वर्षं पैसे देऊन गप्प केलेल्या तक्रारी त्यांनी कागदपत्रं आणि मुलाखतींतून शोधल्या. दुसऱ्या वर्षी त्या कामाला पुलित्झर मिळालं. केरळात एका अभिनेत्रीवरच्या हल्ल्यानंतर २०१७ साली न्यायमूर्ती हेमा समिती नेमली गेली, तिचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांसमोर आला. या सिनेमाच्याच बातम्या आहेत. आणि २०२० सालही आपण पाहिलंय. एका नटाच्या मृत्यूनंतर एका तरुण मुलीच्या गाडीमागे कॅमेरे घेऊन धावणारे लोकही याच व्यवसायातले होते. दोन्ही चेहरे तिला दाखवूनच पाठवायचं.

आईने लक्षात ठेवावं असं थोडं कायद्याचं. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. त्याहून लहान कचेरी असेल तर जिल्ह्याला स्थानिक समिती असते. आणि कामासाठी जिथे जावं लागतं ती जागा, म्हणजे सेटसुद्धा, कामाची जागा धरली जाते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात समितीत कोण आहे हे विचारायचं, लाजायचं नाही. रात्रीच्या कामाला गाडी मिळणार का, हे आधी लेखी घ्यायचं. मी माझ्या टीममधल्या मुलींनाही हेच सांगते.

पैशाचं पटकन सांगते. सुरुवातीला कमी. आयटीत गेलेल्या तिच्या मैत्रिणीला पहिली काही वर्षं बरेच जास्त मिळतील, आणि दिवाळीला नातेवाईक त्याची आठवण करून देतील. जोडीला सबटायटल्स, अनुवाद, मालिकांसाठी संशोधन अशी कामं मिळतात. चांगलं मराठी आणि बरं इंग्रजी दोन्ही लिहिणारी माणसं दुर्मीळ आहेत. वृत्तसंपादक ती शोधत फिरतात हे मी रोज ऐकते.

इथे मी मायलेकी दोघींशीही थोडी असहमत आहे. मुलीला बारावीनंतर थेट मास मीडियाचा कोर्स हवाय. आईला इंजिनिअरिंग. मी म्हणते, इथे विलिंग्डनला तीन वर्षं संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र किंवा मराठी घे, जे आवडेल ते, आणि त्या तीन वर्षांत छापून आलेले निदान पन्नास लेख जमव. पत्रकारितेचा अभ्यास त्यानंतर वर्षभराचाही पुरतो. पदवी हातात असली तर एखादी नोकरी सोडून देण्याचं धाडस होतं, आणि या क्षेत्रात तसा प्रसंग येतो.

पन्नासातला पहिला लेख कोणता, तेही तिला सांगून ठेवलंय. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, दरवर्षी सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं. महाराष्ट्रातले मोठे रंगकर्मी त्यासाठी इथे येतात आणि आपण त्याची चार ओळींची बातमी वाचतो. तिने जायचं. भाषणं ऐकायची, पण मागच्या रांगेतल्या जुन्या हौशी नटांशी आणि रंगमंचावरच्या कामगारांशी बोलायचं. सातशे शब्द, त्याच रात्री बारापूर्वी माझ्या मेलवर. 'थक्क व्हाल' हा शब्द दिसला तर परत पाठवीन. शुद्धलेखन तपासायला आपल्या मराठीच्या बाई तयार आहेत, आत्ता जेवणाच्या वेळी मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "लाल पेन माझ्याकडे अजून आहे."