रानमेव्याचा मुरंबा

फळ पिकतें तें झाडाच्या सोयीनें. माणसाच्या सोयीनें नव्हे. वर्षभर वाट पाहावी, मग आठ-पंधरा दिवस रानभर सुकाळ व्हावा, खावें तितकें खावें आणि उरलेलें नासतांना पाहावें, असा रानमेव्याचा स्वभावच आहे. हा सुकाळ बरणींत भरून ठेवण्याची जुनी युक्ति म्हणजे मुरंबा. आणि फळाचा गर साखरेंत आटवून केलेला त्याचाच साहेबी भाऊबंद म्हणजे जॅम. परंतु सर्वच फळें या युक्तीला वश होतात असें नाहीं.

बीड जिल्ह्यांतून बालाघाटाची डोंगररांग गेली आहे. जमीन हलकी आणि मुरमाड, पाऊस बेताचा. तरीहि धारूर-अंबाजोगाईकडच्या उतारांवर सीताफळीचीं झाडें कोणी न लावतां उभीं असतात. गुरें त्यांच्या पाल्याला तोंड लावीत नाहींत, त्यामुळें कुंपणावांचूनहि तीं जगतात. नांव सीतामाईचें असलें तरी या झाडाचें मूळ घर अमेरिका, असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. आज मात्र तें बालाघाटाचेंच झालें आहे. २०१६ सालीं बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनहि मिळालें.

गृहिणीची पहिली फसगत येथेंच होते. इतकें गोड आणि मऊ फळ. गर काढावा, साखर घालून आटवावा, झाला जॅम, असें कोणासहि वाटेल. परंतु सीताफळाला अग्नि सोसत नाहीं. सुमारें ६५ अंश सेल्सिअसच्या पुढें गर तापला कीं तो कडवट होऊं लागतो आणि त्याच्या पांढऱ्या रंगावर गुलाबी छटा येते. म्हणूनच जाणत्या घरांत बासुंदी आटून गार झाल्यावरच तींत सीताफळाचा गर मिसळतात. कारखानदारहि हा गर गोठवून ठेवितात. गर काढतांना बिया मात्र वाटल्या जाऊं देऊं नयेत. त्या विषारी असून डोळ्यांना विशेष अपायकारक आहेत.

अग्नीशीं मैत्री आहे ती करवंदाची. त्याचें खरें घर सह्याद्रि. पण मराठवाड्याच्या डोंगरांतहि त्याच्या जाळ्या आढळतात. जॅम घट्ट होतो तो केवळ साखरेमुळें नव्हे. साखर, आंबटपणा आणि पेक्टिन या तिघांचा मेळ जमावा लागतो. पेक्टिन हें फळाच्या पेशींना सांधणारें द्रव्य. फळ फार पिकलें कीं तें क्षीण होतें. करवंदांत आंबटपणा आणि पेक्टिन हीं दोन्हीं भरपूर असतात. तरीहि चार भाग काळ्या करवंदांत एक भाग लालसर, कमी पिकलेलीं घालावीं.

फळें दोन-तीन पाण्यांनीं धुवून, देंठ व चीक काढून, जेमतेम बुडतील इतक्या पाण्यांत मऊ शिजवावीं व चाळणींतून गाळावीं. गराच्या वजनाइतकी साखर घालून मोठ्या आंचेवर, सतत ढवळीत, आटवावें. भांडें पसरट, स्टीलचें किंवा कल्हई केलेलें असावें. लोखंडी कढईंत आंबट फळाचा रंग आणि चव दोन्हीं बिघडतात. गार बशीवर टाकलेला थेंब बोटानें सारतांच त्यावर सुरकुती पडली कीं जॅम झाला. उष्णतामापक असल्यास सुमारें १०५ अंश ही त्याची खूण. साखरेंत काटकसर करूं नये. तयार जॅमच्या वजनांत सुमारें दोन-तृतीयांश साखर असते. ती पाणी धरून ठेवते, म्हणून बुरशीला थारा मिळत नाहीं.

पौषांतल्या बोरांची रीत हीच. गोड बोरांना आंबटपणा कमी, म्हणून किलोभर गरास दोन लिंबांचा रस लागतो. ओळख नसलेलें रानफळ मात्र कोणीहि, कितीहि मोहक दिसलें तरी, पातेल्यांत घालूं नये.

परंतु बरणीची कथा चुलीपाशीं संपत नाहीं. सीताफळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत पिकून उलतें. टोपलींतला माल सायंकाळपर्यंत खपला नाहीं, तर मिळेल त्या भावानें द्यावा लागतो. भाव ठरतो तो फळाच्या गुणावर नव्हे, सरत्या वेळेवर. हा हंगाम ओसरतो न ओसरतो तोंच बीडमधील हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मागें डोंगरांत बोरें पिकतात, तेव्हां तीं वेचणारे हात दूरच्या फडांत ऊस तोडीत असतात. जॅमच्या बरणींतले दोन भाग साखर अशाच हातांतून येते. तिसरा भाग, म्हणजे फळ, त्यांच्याच रानांत गळून पडतें.

एका बरणीनें हें स्थलांतर थांबणार नाहीं. पण टिकविलेल्या फळाला उद्यांची भीति नसते, आणि ज्याच्या मालाला उद्यांची भीति नाहीं, त्याला भाव सांगण्याचें बळ येतें. सीताफळाला थंडावा आणि करवंद-बोरांना चूल, या दोन सोयी डोंगराच्या पायथ्याशीं जितक्या होतील, तितकें हें बळ वाढेल. तोंवर शहरांतील घरांनीं एवढें करावें: सायंकाळच्या बाजारांत रानमेव्याची उरलेली टोपली दिसली, तर घासाघीस न करतां ती घरीं आणावी. वर्षभराच्या गोडव्याला तें मोल जड नाहीं.