भरती कुठवर पोचते?

रेवदंड्याच्या बंदरावर उभं राहिलं, की कुंडलिकेच्या खाडीचं पाणी कुठे चाललंय हे नवख्या माणसाला चटकन सांगता येत नाही. आमच्या कोळीवाड्यातला माणूस मात्र पाण्याकडे बघतच नाही, पाण्यावर काय वाहतंय ते बघतो. फेस, एखादी झावळी, नारळाची शेंडी. ती आत रोह्याच्या बाजूला सरकली की भरती, समुद्राकडे निघाली की ओहोटी.

शरीरातला प्रवाहही असाच बघतात. शाळेत विज्ञान शिकवताना मी एक प्रयोग दर वर्षी करत असे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरीत सोडतात तो गप्पी मासा ओल्या कापसात गुंडाळायचा, त्याची पारदर्शक शेपटी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि दोन मिनिटांत त्याला परत पाण्यात सोडायचं. मुलांना लालभडक रक्त दिसण्याची अपेक्षा असे. दिसत त्या फिकट, पिवळसर पेशी, एकामागून एक रांगेत सरकणाऱ्या. "सर, गणपतीतला मुंबई-गोवा हायवे!" असं एकदा एक मुलगा ओरडला होता.

माणसाची तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भागही नाही. काही केशवाहिन्या त्याहून अरुंद असतात, पेशीला अंग चोरून जावं लागतं. वेग सेकंदाला जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर. रक्त फिरतं हे विल्यम हार्वेनं 1628 साली मांडलं, पण या वाहिन्या त्याला दिसल्या नव्हत्या. त्या 1661 मध्ये माल्पिघीनं बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या.

आपली कातडी काही गप्पीच्या शेपटीसारखी नाही. पण कापाकापी न करता आतल्या रक्तवाहिन्या थेट बघता येतील अशी एक खिडकी आपल्यालाही आहे: डोळा. बाहुलीतून आत पाहिलं की मागचा पडदा दिसतो आणि त्यावरच्या वाहिन्याही.

हे सगळं मी वर्गात शिकवत होतो आणि घरात माझा मोठा भाऊ चौदा वर्षं मधुमेह अंगावर घेऊन वावरत होता. दादा नाखवा, होडीवर वाढलेला. "मला लांबचं गलबत दिसतं, डोळ्याला काय झालंय?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घेतला, तो ठीक निघाला, आम्हीही निश्चिंत. नंबर वेगळा आणि पडदा वेगळा, हे विज्ञानाच्या मास्तराला कळायला हवं होतं. एका सकाळी त्याच्या डाव्या डोळ्यापुढे जाळं आलं तेव्हा कुठे आम्ही पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी दंडाच्या शिरेत फ्लोरेसिन नावाचा रंग टोचला. दहा-पंधरा सेकंदांत तो डोळ्यात पोचतो, निळा प्रकाश टाकला की हिरवट पिवळा चमकतो आणि कॅमेरा भराभर फोटो घेतो. (नंतर दिवसभर लघवी पिवळीधमक होते, घाबरायचं कारण नाही.) ही युक्ती नोव्होट्नी आणि अल्विस या दोन अमेरिकी विद्यार्थ्यांची, 1961 सालची.

डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. चमकत्या ओहोळांच्या मधे काळे पट्टे होते. मी शब्द शोधत होतो, तेवढ्यात दादा म्हणाला, "डॉक्टर, इथं भरती पोचत नाय का?"

डॉक्टर हसले नाहीत. "नाही पोचत," म्हणाले. तिथल्या केशवाहिन्या बुजल्या होत्या, गाळानं खाडीचा फाटा बुजावा तशा. उपाशी पडदा मग नव्या, कच्च्या वाहिन्या वाढवतो, त्या फुटतात, आत रक्त सांडतं. दादाच्या डाव्या डोळ्यात तेच झालं होतं. लेसरनं उजवा डोळा सावरला. डाव्याची गेलेली नजर परत आली नाही.

आता रंग न टोचताही प्रवाह दिसतो. लेसरचा प्रकाश अंगावर पडला की ठिपक्यांची नक्षी उमटते. रक्त वाहत असतं तिथे ती पुसट होते, वाहत्या पाण्यावर कंदिलाचं प्रतिबिंब विस्कटतं तशी. फर्चर आणि ब्रायर्स यांनी 1981 मध्ये याच पुसटपणावरून पडद्यावरचा प्रवाह टिपायची वाट दाखवली. ओसीटी अँजिओग्राफीत एकाच जागेची छबी काही मिलिसेकंदांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा घेतात. जे बदललं ते वाहतं रक्त, जे तसंच राहिलं ते स्थिर मांस. अगदी मंद प्रवाह मात्र तिच्यातून निसटतो, आणि वाहिनी कुठे झिरपते हे तिला दिसत नाही. त्यासाठी अजूनही तो पिवळा रंगच लागतो.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक रुग्ण आहेत. त्यांतल्या किती जणांना लांबचं गलबत स्वच्छ दिसत असेल! तशांनीही वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, असं डॉक्टर सांगतात.

गेल्या वर्षी दादाच्या उजव्या डोळ्याची ही नवी तपासणी केली. सुई नाही, काही नाही, हनुवटी टेकवून क्षणभर स्थिर बसायचं. काळा भाग जुन्या चित्रात होता तेवढाच होता.

"वाढला नाय ना?" त्यानं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यानं काळा चष्मा चढवला आणि रेवदंड्याची एसटी किती वाजता आहे, ते विचारलं.