हरल्यानंतर काय?



अंगात गुण असून अर्ध्यावर थांबलेले बॉक्सर म्हटलं की मला नसीम हमीद आठवतो. इंग्लंडच्या शेफील्डमधला, येमेनी आईवडिलांचा मुलगा. सातव्या वर्षी ब्रेंडन इंगल यांच्या तालमीत आला. १९९५ मध्ये, २१व्या वर्षी, जगज्जेता झाला. हात खाली सोडून लढायचा, एका ठोशात समोरच्याला झोपवायचा. १९९८ मध्ये मात्र या उस्तादांशी बिनसलं.

एप्रिल २००१, लास वेगास. मेक्सिकोच्या मार्को अँटोनियो बरेराने १२ फेऱ्या शिस्तीत खेळून त्याला हरवलं. हा नसीमचा पहिला पराभव. पुढे तो एकदाच लढला, जिंकला आणि २८व्या वर्षी थांबला. हाताच्या दुखापती होत्या, हे खरं. ३७ लढतींत ३६ विजय, तरी लोक हळहळतात.

आता बरेराकडे बघा. नसीमसमोर उभा राहण्याआधी तो ३ वेळा हरला होता. दर वेळी तो सरावाला परतला.

तुमच्यापैकी कुणी भरतीची, कुणी प्रवेशाची परीक्षा देतोय. निकाल मनासारखा लागला नाही, तर घरात तोंड लपवून बसू नका. चूक दाखवणाऱ्या उस्तादाकडे आधी जा. हुशारी अल्लाहची देणगी आहे. दुसऱ्या दिवशी सरावाला जाणं आपलं काम.