रस्त्यावरची गाडी, शर्यतीची वाट



वेगाची हौस आणि सार्वजनिक रस्ता यांचा तंटा मोटारीइतकाच जुना आहे. रस्त्यावर शाळेंतून परतणारीं मुलें असतात, भाजीची हातगाडी असते, चालतांना दम लागणारे एखादे आजोबा असतात. तेथें वेग अजमावूं पाहणारा दुसऱ्यांच्या जिवावर आपली हौस भागवीत असतो. या तंट्यावर युरोपांत एक तोडगा निघाला, तो असा कीं, शर्यतींकरितां बांधलेलें सर्किट शर्यत नसेल त्या दिवशीं शुल्क घेऊन सामान्य मालकांस खुलें करावयाचें. अशा दिवसाला ‘ट्रॅक डे’ म्हणतात, आणि आतां आपल्या देशांतहि ते भरतात.

प्रथमच सांगितलें पाहिजे कीं, ही शर्यत नव्हे. येथें चषक नसतो आणि क्रमांकहि नसतो. पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्या असतात, डोक्यावर शिरस्त्राण सक्तीचें असतें, आणि पुढच्यानें वाट देण्याची खूण केल्याखेरीज मागच्यानें त्यास ओलांडावयाचें नाहीं असा शिरस्ता बहुतेक ठिकाणीं असतो. जर्मनींतील न्युर्बुर्गरिंगचें उदाहरण तर मौजेचें आहे. १९२७ सालीं खुल्या झालेल्या या सर्किटाचा उत्तरेकडील जुना वळसा २०.८ किलोमीटरांचा आहे, आणि लोकांकरितां तो उघडतात तेव्हां कायदा त्याला एकेरी वाहतुकीचा टोल-रस्ता मानतो. साहजिकच रीतसर नोंदलेली, रस्त्यावर चालविण्यास योग्य अशीच गाडी तेथें चालते. आणि कठड्यावर आदळून त्याचा पत्रा वांकला तर दुरुस्तीचें बिल चालकाच्या हातीं पडतें.

आतां मुख्य प्रश्न. ज्या गाडीनें जावयाचें, फेऱ्या मारावयाच्या आणि सायंकाळीं त्याच गाडीनें घरीं परतावयाचें, अशी बेताच्या किंमतीची गाडी कोणती निवडावी? हा प्रश्न विचारणारा तरुण बहुधा अश्वशक्तीचे आंकडे मांडून बसलेला असतो. मला हा आरंभच मान्य नाहीं. सामान्य मिळकतीच्या माणसानें पहिला आंकडा पाहावा तो वजनाचा.

याचें कारण ब्रेकमध्यें आहे. ९५० किलो वजनाची एक लहान गाडी ताशीं १६० किलोमीटर वेगानें येत आहे आणि वळणापूर्वीं तिचा वेग ८० वर आणावयाचा आहे असें समजा. त्या तीन-एक सेकंदांत सुमारें सात लक्ष ज्यूल इतकी ऊर्जा गाडीच्या अंगांतून काढून टाकावी लागते, आणि ती जवळजवळ सारी ब्रेकमध्यें उष्णतेच्या रूपानें उतरते. गृहिणींच्या भाषेंत सांगावयाचें तर तेवढ्या उष्णतेनें सुमारें दोन लिटर गार पाण्याला आधण येईल. हीच गाडी १९०० किलोंची असती तर चार लिटरांच्या पातेल्याला आधण आलें असतें. शिवाय हें एकदांच होत नाहीं. प्रत्येक फेरींत कमी-अधिक प्रमाणांत तें चार-पांच वेळां घडतें, आणि एका पाळींत अशा सात-आठ फेऱ्या होतात. रस्त्याकरितां केलेल्या ब्रेकला इतक्या तापाची संवय नसते.

येथेंच एक जिवावरची गोष्ट सांगून ठेवतों. ब्रेकचा दाब चाकापर्यंत पोहोंचतो तो ब्रेकऑईलमधून. हें तेल हवेंतील ओल हळूहळू शोषून घेतें. ‘डॉट-४’ या प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदु २३० अंश सेल्सिअसहून कमी असूं नये असा दंडक आहे. ओल खाल्लेल्या तेलास तोच दंडक १५५ अंशांवर येतो. तेल उकळलें कीं त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, दाब पुढें पोहोंचवीत नाहीं. पाय पेडलवर असतो, पेडल तळाला टेकतें आणि गाडी थांबत नाहीं! दोन वर्षें तेल न बदललेली महागडी गाडी नेण्यापेक्षां नवें तेल व चांगले ब्रेकपॅड घातलेली साधी गाडी नेणें शतपटीनें शहाणपणाचें. या कामाला फार पैसेहि पडत नाहींत.

पैसे पडतात ते टायरांना. वळणावर गाडी रेटली कीं टायरचें रबर पेन्सिलीच्या खोडरबराप्रमाणें झिजतें. मोठ्या, रुंद टायरांची जोडी आणि लहान गाडीची जोडी यांच्या किंमतींतील तफावत कोणत्याहि दुकानांत विचारून पाहावी. शक्तिमान् जुनी गाडी स्वस्तांत मिळाली म्हणून हुरळून जाणारा पुढें टायर, ब्रेकच्या तबकड्या आणि क्लच यांचीं बिलें पाहून हबकतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण अशाच खरेदीकरितां झाली असावी. म्हणून माझें मत असें कीं, बाजूस काढलेल्या रकमेपैकीं निदान तिसरा हिस्सा गाडी घेतल्यावरहि हातांत उरला पाहिजे. तो उरत नसेल तर ती गाडी आपल्या ऐपतीबाहेरची आहे, मग विकणारा कितीहि गोड बोलो.

इंग्लंड-अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकीं कुणी मला विचारलें तर मी जपानच्या माझ्दा कंपनीच्या एम-एक्स-५ या गाडीचें नांव घेईन. अमेरिकेंत तिला मिआटा म्हणतात. १९८९ सालीं ती प्रथम बाजारांत आली तेव्हां तिचें वजन साडेनऊशें किलोंच्या आसपास होतें आणि इंजिन अवघें १.६ लिटरचें. दोन माणसांची, उघड्या टपाची ही लहानशी गाडी २०१६ पर्यंत दहा लक्षांवर बनली. म्हणून तिचे सुटे भाग सहज मिळतात, तिचे गुणदोष सर्वांस ठाऊक आहेत, आणि ती दुरुस्त करणारा शोधीत फिरावें लागत नाहीं. ‘पुष्कळ खपलेली गाडी’ हा गुण मी फार वरचा मानतों. जुनी घेतांना मात्र दाराखालच्या पत्र्याला गंज आहे काय तें गुडघे टेंकून पाहावें, आणि टप उघडें असल्यामुळें डोक्यामागें भक्कम लोखंडी कमान बसवून घ्यावी. अशा कमानीवांचून उघडी गाडी पुष्कळ ठिकाणीं आंत घेत नाहींत, आणि तें योग्यच आहे.

भारतांत ही गाडी अधिकृतपणें विक्रीस आलेली नाहीं. परंतु आपल्याकडे उत्तर याहून जवळ आहे, पुणेकरांच्या तर दारांतच आहे. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला आणि तेथें बनूं लागलेल्या पोलो गाडीची स्वतंत्र शर्यतमालिकाहि २०१० पासून आपल्या देशांत झाली. शर्यतीची पोलो निराळी सजवितात हें खरें. तरी मूळ सांगाडा घट्ट आणि सुकाणू विश्वासाचें, ही ख्याति रस्त्यावरच्या पोलोचीहि आहे. २०२२ सालीं तिचें उत्पादन येथें थांबलें, तेव्हां ती आतां जुनीच घ्यावी लागेल. २०२० नंतरची १ लिटरची, ११० अश्वशक्तीची, हातानें गिअर बदलण्याची पोलो मिळाल्यास उत्तम. ती आवाक्याबाहेर असेल तर मारुतीची स्विफ्ट आहे. २०१८ सालच्या नव्या रूपांत तिचें वजन नऊशें किलोंच्या आसपास आलें, आणि तिचे सुटे भाग मिळत नाहींत असें गांव शोधावें लागेल. सरळ वाटेवर ती कुणाला हरविणार नाहीं. पण येथें हरवावयाचें आहे कुणाला?

या दोन्ही गाड्या पुढच्या चाकांनीं ओढल्या जातात. जाणकार मंडळी मागच्या चाकांच्या गाडीची थोरवी गातात, आणि त्यांत तथ्य आहे. ती अधिक शिकविते, पण शिक्षाहि कडक करते. वळणावर वेग जास्त झाला तर तिची शेपटी बाहेर फेंकली जाते. पुढच्या चाकांची गाडी वळावयाचें सोडून सरळ जाऊं पाहते, आणि ॲक्सिलरेटरवरील पाय हळूच सैल केला कीं बहुधा वाटेवर येते. नवशिक्याला मी ही क्षमाशील गाडीच देईन.

आतां अंतराचा विचार करा. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूस इरुंगट्टुकोट्टै येथें सुमारें पावणेचार किलोमीटरांचें सर्किट आहे. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नोइडास ५.१२५ किलोमीटरांचें बुद्ध सर्किट आहे, जेथें २०११ ते २०१३ या काळांत फॉर्म्युला-वनच्या शर्यती झाल्या. पुण्याहून यांपैकीं कोठेंहि जावयाचें म्हणजे हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास, आणि तेवढाच परत. म्हणून गाडी खरोखर ‘रस्त्याची’ असली पाहिजे. दगडासारख्या कडक स्प्रिंगा आणि कानठळ्या बसविणारी धुराची नळी घालून हा प्रवास होत नाहीं, आणि कायद्यालाहि तें चालत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलांत मनास येईल तो फेरफार करूं देत नाहीं. चांगले ब्रेकपॅड, ताजें तेल, ठरलेल्या मापाचे उत्तम टायर, यांवर पहिलें वर्ष खुशाल काढावें.

विम्याविषयीं मात्र गोड गैरसमजांत राहूं नये. आपल्याकडील प्रचलित मोटारविम्यांत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी हे उपयोग स्पष्टपणें वगळलेले असतात. ‘ही शर्यत नव्हेच’ हा युक्तिवाद आपण येथें बसून करूं शकतों. पत्रा चेपल्यावर विमाकंपनीपुढें तो टिकेलच असें नाहीं. म्हणून जाण्यापूर्वीं कंपनीस लेखी विचारावें आणि लेखी उत्तर घ्यावें. ब्रिटनमध्यें एका दिवसापुरता निराळा विमा मिळतो. त्यांतहि नुकसानीचा पहिला मोठा भाग मालकानेंच सोसावयाचा असतो.

याचा अर्थ घरांतील कर्त्या माणसांनीं नीट लक्षांत घ्यावा. रविवारीं गाडी कठड्यावर गेली तर सोमवारीं आईला दवाखान्यांत कशी नेणार, मुलांना शाळेंत कोण सोडणार, आणि उरलेले कर्जाचे हप्ते कशांतून भरणार? घरांत एकच गाडी असेल आणि तिचें कर्ज फिटलें नसेल, तर ती गाडी नेऊं नये असें मी निक्षून सांगेन. अशा तरुणानें वर्षभर थांबून, दुसरी जुनी स्विफ्ट रोखीनें घ्यावी; ती गेली तर हळहळ वाटेल, पण चूल बंद पडणार नाहीं. मुलाच्या या छंदाला घरचे विरोध करतात तो पुष्कळदां वेगाला नसतोच, या न बोललेल्या हिशेबाला असतो. तो हिशेब आधीं कागदावर मांडून दाखविला तर निम्मा विरोध मावळतो, आणि उरलेला निम्मा विचारांत घेण्याजोगा असतो.

प्रत्यक्ष त्या दिवसाविषयीं थोडें. पहिली पाळी शिक्षकाला शेजारीं बसवून सावकाश घ्यावी. टायर तापले कीं त्यांतील हवेचा दाब वाढतो, तो पाळीनंतर मोजावा. शेवटची फेरी ब्रेक न वापरतां, हळू चालवून, वारा लागूं देत पूर्ण करावी. परत निघण्यापूर्वीं चाकांचे नट आवळलेले आहेत ना तें पाहावें आणि टायरची नक्षी मोजावी, ती १.६ मिलीमीटरहून कमी उरली असेल तर तो टायर रस्त्यावर कायदेशीर राहिलेला नाहीं, आणि पुढें हजार किलोमीटर जावयाचें आहे. आणखी एक. पाळी संपवून गाडी उभी केली कीं संवयीनें हात हँडब्रेककडे जातो. तो ओढूं नये. तापलेले ब्रेक आवळलेले राहिले तर चिकटण्याचा व तबकड्या वांकण्याचा संभव असतो. गाडी गिअरमध्यें ठेवावी आणि चाकाखालीं एक दगड लावावा. दगड घरूनच नेलेला बरा, सर्किटावर तो सांपडत नाहीं.