लाइफ कोच की समुपदेशक?

आजची गोष्ट आमच्याच गटातली आहे. जिची आहे तिला विचारूनच सांगतोय, नाव मात्र सांगणार नाही.

मागच्या वर्षी तिने मासिक सभेत 6000 रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. मोबाईलवर एका ‘लाइफ कोच’चा कोर्स करायचा होता. महिनाभर तिला धड झोप नव्हती, जेवण जात नव्हतं. आम्हाला वाटलं, काही शिकेल, उभारी येईल. रजिस्टरमध्ये ‘प्रशिक्षण’ असं कारण लिहून आम्ही सह्या केल्या.

कोर्समध्ये सांगायचे, पहाटे उठा, ध्येय लिहा, वाईट विचार झटकून टाका. तिला तर अंथरुणातून उठवत नव्हतं. ती म्हणायला लागली, “सगळ्यांना जमतं, मीच नालायक.” एक दिवस म्हणाली, “माझ्यामागे पोरांना बघाल ना?” तेव्हा आम्ही दचकलो. त्या रात्री तिला एकटं सोडलं नाही. सकाळी आशाताईंना सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठला. तिला नैराश्याचा आजार होता.

मग आम्ही माहिती घेतली. लाइफ कोच म्हणजे ध्येय ठरवायला, वेळेचं नियोजन करायला, धीर वाढवायला मदत करणारा माणूस. पापडाचा धंदा वाढवायचाय, चारचौघांत बोलायची भीती घालवायचीय, तर त्याचा उपयोग होऊ शकतो. पण तो आजार ओळखत नाही, उपचार करत नाही. शिवाय आपल्या देशात कोच म्हणवून घ्यायला सरकारी परवाना लागत नाही. कुणीही पाटी लावू शकतं. आणि धंद्याचंच शिकायचं असेल तर जिल्ह्यातल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत ते फुकट मिळतं.

मन आजारी असेल तर शिकलेला माणूस हवा. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलून मदत करतात. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते औषध देतात. काहींना दोन्ही लागतं. ‘तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठे?’ असं विचारायला लाजू नका. आपण बियाण्याची पिशवीसुद्धा वाचून घेतो.

कुठे जायचं हे कसं ओळखायचं? मन ठीक आहे, फक्त वाट सापडत नाही, तर मार्गदर्शन पुरतं. पण दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटतंय, झोप-भूक बिघडलीय, रोजची कामं होत नाहीत, बाळंतपणानंतर रडू थांबत नाही, तर उपचार हवेत. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

आणि घरात मारहाण होत असेल तर दोष तिच्या विचारांत शोधू नका. महिला हेल्पलाइन 181 लावा.

जिल्ह्याला जाणं लगेच जमत नसेल तर 14416 हा नंबर लिहून घ्या. ही सरकारची टेलि-मानस सेवा. फुकट, रात्रंदिवस, मराठीतही बोलता येतं. लोक वेडी म्हणतील ही भीती आम्हालाही होती. पण आपली माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे.

आमची मैत्रीण आता बरी आहे. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करत नाही. सभेला येते, हिशेबातल्या चुका काढते. त्या 6000 चे हप्ते अजून चालू आहेत. ते पाहिले की आम्हाला आमच्या सह्या आठवतात. कर्ज कशासाठी हे आम्ही विचारलं, पण तू कशी आहेस हे विचारलं नाही.

आता सभेत बचत गोळा करायच्या आधी आम्ही तेच विचारतो. तुमच्याही गटात विचारून बघा.